व्हिक्ट्रॉन ब्लू स्मार्ट आयपी६७ (१२ व्होल्ट, १७ अँपिअर): मासेमारीच्या बोटीवर वापरण्याजोगा चार्जर

बोटीवर कायम बसवायचा चार्जर घेताना बहुतेक जण आधी अँपिअर बघतात. खरं तर आधी बघायचं ते त्याचं कवच. गॅरेजमधला साधा पंख्याचा चार्जर बोटीच्या कप्प्यात टिकत नाही. पंखा दमट, खारी हवा आत ओढतो, सर्किटवर मिठाचा थर बसतो आणि आधी गंज, मग शॉर्ट. व्हिक्ट्रॉनच्या या चार्जरला पंखाच नाही. ओतीव ॲल्युमिनियमच्या खोक्यात सगळं सर्किट रेझिनमध्ये गच्च भरलेलं आहे. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जात नाही. कप्प्यात पाणी साचलं किंवा डेक धुताना पाइपाचा फवारा आला तरी बिघडत नाही. खोकं बंद असल्यामुळे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटण्याचा धोकाही राहत नाही. पेट्रोल इंजिनाच्या बोटीवर हे फार मोलाचं आहे, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचून राहते.

पण हे कौतुक खोक्यापुरतंच. प्लग, थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) आणि बॅटरीची टोकं उघडीच असतात, ठिणगी पडते ती तिथे. म्हणून क्रम पाळायचा: आधी बॅटरीची जोडणी पूर्ण करायची, मग धक्क्यावरची वीज चालू करायची. काढताना आधी वीज बंद, मग बॅटरीच्या वायरी. चिमटे लावून चार्ज करायची सवय बोटीवर सोडून द्यावी. लाटेच्या हिसक्याने चिमटा निसटतो, आणि भरत आलेल्या बॅटरीतून त्याच वेळी हायड्रोजन निघत असतो. हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. हवेपेक्षा हलका असल्यामुळे तो झाकणाखाली वर जमा होतो. त्यामुळे पाण्याच्या बॅटरीच्या कप्प्याला हवा जायची वाट सर्वांत वर हवी, तळाशी असून भागत नाही. चार्जिंग चालू असताना झाकण उघडं ठेवणं उत्तम. समुद्राचं पाणी बॅटरीतल्या ॲसिडात गेलं तर क्लोरीन वायू तयार होतो. म्हणून बॅटरीची पेटी तळाच्या पाण्यापासून उंच आणि पट्ट्याने घट्ट बांधलेली असावी.

चार्जिंगचा दर्जा चांगला आहे. मूळ सेटिंगमध्ये तो १४.४ व्होल्टपर्यंत चढतो, बॅटरी भरली की १३.८ वर येतो आणि बोट बरेच दिवस उभी असेल तर १३.२ वर उतरतो. आठवड्यातून एकदा थोडा वेळ पुन्हा वर चढून बॅटरी ताजी करतो. त्यामुळे धक्क्यावर प्लग लावून ठेवलेल्या बोटीतली बॅटरी उकळून कोरडी पडत नाही. वरच्या व्होल्टेजवर किती वेळ थांबायचं हे तो बॅटरी किती रिकामी होती त्यावरून ठरवतो. थोडी वापरलेली बॅटरी उगाच तापवत नाही.

मात्र इथेच बसवणारे चुकतात. चार्जर व्होल्टेज मोजतो ते स्वतःच्या टोकाशी, बॅटरीच्या टोकाशी नाही. समजा बॅटरी तीन मीटरवर आहे आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढली. जाऊन-येऊन सहा मीटर तांब्यात १७ अँपिअरला साधारण पाऊण व्होल्ट गळतो. चार्जरला १४.४ दिसतात, बॅटरीला मिळतात १३.६ ते १३.७. चार्जर समजतो की बॅटरी लवकर भरत आली, म्हणून पुढचा टप्पाही छोटा करतो. रोज अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट चढतं आणि मग दोष चार्जरला दिला जातो. तेवढ्याच अंतराला १० चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर गळती ०.२ व्होल्टच्या आत राहते. त्याहून चांगलं म्हणजे चार्जर बॅटरीजवळच बसवणं, फक्त तिच्या डोक्यावर नको. वायर कलई केलेल्या तांब्याची, थिंबल क्रिम्प केलेलं (दाबून बसवलेलं) आणि त्यावर चिकटणारी हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आकसणारी नळी. प्लस वायरीत २५ ते ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत हवा. तो चार्जरपाशी लावला तर मधली सगळी वायर असंरक्षित राहते. वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर तिच्यात बॅटरीचाच शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो.

तापमानाचीही अशीच गोष्ट. चार्जर दर अंशाला १६ मिलिव्होल्ट कमी-जास्त करतो, पण अंदाज घेतो तो स्वतःच्या भोवतालच्या तापमानाचा. चार्जर सावलीत आणि बॅटरी तापलेल्या इंजिनाशेजारी असेल तर बॅटरीला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळतं आणि पाणी लवकर आटतं. दोन्ही एकाच कप्प्यात असावेत.

सेटिंग फोनवरून ब्लूटूथने होतं. ओल्या हातांनी बटणं दाबत बसावं लागत नाही, हे सोयीचं आहे. पाण्याच्या बॅटरीला आणि बहुतेक जेल, एजीएमला (पाणी घालावं न लागणाऱ्या बंद बॅटरींना) १४.४ ठीक. कंपनीने १४.७ सांगितलेल्या एजीएमलाच वरचं सेटिंग द्यावं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला तिचं स्वतंत्र सेटिंग आहे, १४.२ आणि मग १३.५. रिकंडिशन नावाचा जास्त व्होल्टेजचा टप्पा लिथियम आणि जेलला कधीच चालू करू नये. पाण्याच्या बॅटरीला करायचा असेल तर आधी फिशफाइंडर, रेडिओ वगैरे वेगळं काढावं. शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करू नये, सेल कायमचे खराब होतात.

१०० अँपिअर-तासांची एक बॅटरी निम्मी रिकामी असेल तर १७ अँपिअरला पहिले अडीच-तीन तास जोरात भरते, शेवटचे २० टक्के मात्र आणखी काही तास घेतात. रात्रभर ठेवली की सकाळी पूर्ण. अशा दोन बॅटरी समांतर जोडल्या असतील तर एका रात्रीत कसंबसं जमतं. त्याहून मोठ्या संचाला २५ अँपिअरचं मॉडेल घ्यावं.

याची सर्वांत मोठी अडचण म्हणजे आउटपुट एकच आहे. इंजिन स्टार्टिंगची आणि ट्रोलिंग मोटरची (बोट हळू चालवायच्या विजेच्या मोटरची) बॅटरी वेगवेगळ्या असतील तर दोन चार्जर लागतात. ट्रोलिंग मोटरला दोन बॅटरी सिरीजमध्ये असतील तर प्रत्येकीला वेगळा १२ व्होल्टचा लावणं २४ व्होल्टच्या एका चार्जरपेक्षा बरं. त्यात मागे पडलेली बॅटरी आपापली पूर्ण भरते, दुसरी ओव्हरचार्ज होत नाही.

पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घालावं, आधी नाही. आधी भरलं तर चार्ज होताना ॲसिड बुचांतून उतू जातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर तेवढ्या बुडतील इतकंच आधी घालावं. पूर्ण भरल्यावर हायड्रोमीटरवर (ॲसिडाची घनता मोजायच्या नळीवर) साधारण १.२६५ यायला हवं. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५०ने खाली दिसला तर ती बॅटरी बदलावी, कितीही चांगला चार्जर तिला सावरू शकत नाही.

धक्क्यावरच्या विजेला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर हाच काय, कुठलाच चार्जर लावू नये. अर्थिंगची पिन तोडून दोन पिनांचा प्लग लावू नये, कारण गळती झाली तर वीज बोटीभोवतीच्या पाण्यात उतरते आणि पोहणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. खाऱ्या पाण्यात बोट महिनोन्‌महिने प्लग लावून ठेवायची असेल तर अर्थिंगच्या वायरीत बारीक प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवावा, नाहीतर बोटीचा प्रोपेलर आणि शाफ्ट शेजारच्या बोटीच्या धातूशी जोडले जाऊन खाल्ले जातात. एक्स्टेन्शनची वायर रीळवर गुंडाळलेली असेल तर ती पूर्ण सोडूनच वापरावी.

एक-दोन बॅटरींच्या उघड्या मासेमारी बोटीसाठी हा चार्जर निःशंक घ्यावा, पण वायर आणि फ्यूजची खरेदी त्याच वेळी करावी.