वृद्धाश्रमातली हाणामारी: गोळी की नोंदवही?

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या आजोबांनी शेजारच्यांवर काठी उगारली, की आधी सुचते ती शांत करणारी गोळी. उपाय झटपट खरा. पण आजोबा दिवसभर पेंगतात, तोल जाऊन पडतात. शिवाय अशा वृद्धांमध्ये शांत करायला दिल्या जाणाऱ्या अँटिसायकोटिक औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००५ मध्येच दिलाय.

नोंदवही वेळखाऊ. भांडण कधी, कुठे, कशावरून झालं ते लिहायचं. चार नोंदींत कळतं, की रोज संध्याकाळी टीव्हीसमोरच्या त्याच खुर्चीवरून जुंपते. मग खुर्ची हलवा, त्या तासाला एक माणूस तिथे ठेवा. कधी मूळ भलतंच निघतं: दुखरा दात, बंद पडलेलं श्रवणयंत्र. (ते कोणी तपासतच नाही!) माझा कौल नोंदवहीला. गोळी इजेचा धोका असेल तरच, डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोड्या दिवसांपुरती.