सांगलीतल्या विश्रामबागचा औषध-हिशोबाचा क्लास : पाचपैकी चार तारे, आणि पाचवा का नाही

मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज आहे. नव्यानं पास झालेल्या नर्सिंगच्या पोरी आधी माझ्याच हाताखाली येतात. त्यांतल्या ज्यांना ऑर्डरमध्ये अपूर्णांक दिसला की घाम फुटतो, त्यांना मी या क्लासला पाठवते. नक्की काय शिकवतात ते बघायला मागच्या बाकावर बसूनही आले आहे. त्यामुळं हे ऐकीव नाही.

जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, आर्ट्सच्या पोरींनाही प्रवेश मिळतो. बऱ्याच जणींनी दहावीचं गणित कसंबसं सुटलं म्हणून सांगलीच्या गणपतीला नारळ फोडलेला असतो, आणि पुढं गणिताकडं ढुंकूनही बघितलेलं नसतं. पण खरी अडचण भागाकाराची नाहीच. वहीत भागाकार येतो. उत्तर चुकलं तर ते चुकलंय हे डोळ्याला दिसत नाही, ही अडचण आहे. हा क्लास नेमका तिथं हात घालतो, म्हणून मला आवडला.

शिकवणाऱ्या मॅडम निवृत्त ट्यूटर आहेत. पहिल्या दिवशी फळ्यावर एकही सूत्र नाही. टेबलावर रिकाम्या व्हायली (इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या बाटल्या), सिरिंजा, सलाइनचे सेट, रंगीत पाणी. एका पोरीला त्यांनी अमिकासिन या अँटिबायोटिकची व्हायल दिली : ५०० मिलिग्रॅम, २ मिलीत. ऑर्डर १५० मिलिग्रॅम, मूल दहा किलोचं. पोरीनं कागदावर झटपट मांडलं आणि म्हणाली, "६ मिली." मॅडम काही रागावल्या नाहीत. "बरं, भर मग." ती भरायला लागली. पहिली व्हायल संपली, दुसरी संपली, तिसरीला हात घातला आणि पोरगी थांबली. "अगं, थांबलीस का? तिसरी फोड की. दहा किलोच्या पोराला तीन व्हायली!" सगळा वर्ग हसला, ती पण हसली. उत्तर होतं ०.६. दशांश चिन्ह एक घर सरकलं होतं, बस.

त्यानंतर मॅडमचा एकच नियम : पेन उचलायच्या आधी तोंडी सांगायचं, एका व्हायलीपेक्षा जास्त लागणार की कमी? अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? हे सांगितल्याशिवाय हिशोब करू देत नाहीत. माझ्या वॉर्डातल्या पोरींना आता ही सवय लागली आहे. ट्रेपाशी उभ्या राहून पुटपुटत असतात.

मग सिरिंजवरच्या रेघा. दोन मिलीच्या सिरिंजवर बारीक रेघ ०.१ मिलीची असते, पाचच्या सिरिंजवर ०.२ ची. पोरी सरसकट एक रेघ म्हणजे पॉइंट एक धरतात. हे कुठल्या पेपरात विचारत नाहीत, म्हणून कुणी शिकवतही नाही.

इन्शुलिनचा भाग सगळ्यांत चांगला. आपल्याकडं व्हायल बहुतेक ४० युनिटवाली, म्हणजे एका मिलीत ४० युनिट असलेली, येते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटवाल्या औषधाची सिरिंज केशरी टोपणाची. मॅडम दोन्ही सिरिंजांमध्ये २० च्या खुणेपर्यंत रंगीत पाणी ओढायला लावतात आणि शेजारी शेजारी धरतात. एकीत अर्धा मिली, दुसरीत ०.२. ४० च्या व्हायलीतलं औषध केशरी टोपणाच्या सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत घेतलं, तर पेशंटला जातात फक्त ८ युनिट. उलट केलं, १०० वालं औषध लाल टोपणाच्या सिरिंजनं, तर ५० युनिट. शुगर कुठल्या कुठं जाईल! एकदा डोळ्यांनी बघितलेलं पोरी विसरत नाहीत.

सलाइनचे थेंबही तसेच. खिडकीच्या गजाला बाटली अडकवलेली, खाली बादली. ५०० मिली चार तासांत, म्हणजे तासाला १२५. सेटच्या पाकिटावर एका मिलीला २० थेंब लिहिलं असेल तर तीननं भागा, मिनिटाला साधारण ४२. पाकिटावर १५ असेल तर चारनं भागा, ३१. बारीक थेंबांच्या मायक्रो सेटला ६० थेंब, तिथं भागायचंच नाही, तासाचे मिली तेच मिनिटाचे थेंब. आधी पाकीट वाचा, मग हिशोब. आमच्याकडं तर पाकीट फाडून डब्यात टाकल्यावर "सिस्टर, कितीचा सेट होता?" असं विचारतात.

लिहिण्याच्या बाबतीत मॅडम कडक आहेत. ५ लिहायचं, ५.० नाही, कारण टिंब पुसट झालं की ५० वाचलं जातं. आणि टिंबाच्या आधी शून्य हवंच, नाहीतर पॉइंट पाचचे पाच होतात. शेवटच्या चाचणीत दहापैकी दहा आले तरच पास. पालक कुरकुरतात. आपल्याकडं थिअरीला ५० टक्के मिळाले की पोरगी पास, मग इथंच एवढा बडेजाव कशाला, असं एक वडील माझ्यादेखत म्हणाले. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलनं २०१८ च्या निकषांत या हिशोबाच्या परीक्षेला १०० टक्क्यांचीच अट ठेवली आहे. दहातला जो एक चुकला, तो कुणाच्या तरी हातातल्या सुईतून जाणार असतो. माझं मत मॅडमच्या बाजूनं.

आता तारा कुठं कापला ते. रविवारी घरी पेशंट सांभाळणाऱ्या बायकांची वेगळी बॅच असते. कल्पना उत्तम. किडनीच्या पेशंटला दिवसाला एक लिटर पाणी सांगितलं असेल तर त्यात चहा, ताक, आमटी सगळं धरायचं, म्हणून प्रत्येकीनं घरचा पेला आणायचा आणि मापाच्या भांड्यात ओतून तो किती मिलीचा ते बघायचं. हायपोक्लोराइट हे जंतुनाशक ५ टक्क्यांचं असेल तर १ टक्का करायला एक मग औषध, चार मग पाणी, पाच नव्हे. इथवर छान. पण पुढं दशांश आला आणि मॅडम नर्सिंगच्या पोरींच्याच वेगानं धावल्या. माझ्या शेजारी बसलेली कुपवाडची मावशी बचत गटाचं व्याज तोंडी काढते, भिशीत कुणाचा किती हप्ता राहिला ते वही न बघता सांगते. ०.५ दिसल्यावर मात्र गप्प झाली. तिला येत नव्हतं असं नाही, तिच्या हिशोबातून कुणी तिला तिथं नेलं नाही. मॅडमनी रुपये-पैशांचा दाखला दिला, पण पाच पैशांचं नाणं त्या वर्गातल्या निम्म्या बायकांनी जन्मात बघितलेलं नाही. कागदही सगळे इंग्रजीत. या बॅचला मराठी कागद आणि दुप्पट वेळ हवा.

दुसरं, सगळा सराव शांत खोलीत. वॉर्डात औषध भरताना नातेवाईक हाका मारतात, फोन वाजतो, डॉक्टर राउंडला येतात. मधेच कुणी बोलावलं तर हिशोब पहिल्यापासून करायचा, ही शिस्त इथं लागत नाही. ती मला वॉर्डात लावावी लागते.

शेवटच्या दिवशी सूत्रांचं एक कार्ड देतात, 'डिझायर्ड ओव्हर हॅव' वालं, म्हणजे हवा तो डोस भागिले हातात आहे तो. बहुधा पालकांच्या समाधानासाठी. पोरी ते खिशात घालतात आणि लगेच अंदाज लावणं सोडतात. माझ्या वॉर्डात मी ते काढून घेते.

जागा पहिल्या मजल्यावर, पंखा खडखडतो, पार्किंग रस्त्यावरच. फी २,५०० रुपये, रविवारच्या बॅचला ८००. सर्टिफिकेट मिळतं, पण त्याच्या जोरावर नोकरी मिळेल असं समजून जाऊ नका, मी तरी मुलाखतीत ते बघत नाही. हातात व्हायल देते आणि विचारते, एकीपेक्षा जास्त की कमी.

जायचं असेल तर सेकंद काट्याचं घड्याळ घालून जा. मोबाइल दाराशीच जमा करून घेतात.