एच125 हेलिकॉप्टर: ताकद भरपूर, पण टाकी कोणती ते आधी विचारा

केदारनाथची यात्रा असो, नेपाळमधली बचावमोहीम असो की अमेरिकेतली एअर अ‍ॅम्ब्युलन्स, एका इंजिनाचं हे फ्रेंच हेलिकॉप्टर सगळीकडे दिसतं. 1974 मध्ये ते पहिल्यांदा उडालं तेव्हा नाव होतं एएस350 एक्युरेय. पुढे ते बनवणाऱ्या एरोस्पासियाल कंपनीची युरोकॉप्टर झाली, युरोकॉप्टरची एअरबस हेलिकॉप्टर्स झाली आणि आजच्या आवृत्तीला एच125 म्हणतात. कर्नाटकात वेमगलला टाटा आणि एअरबस मिळून याची जुळवणी करायचं ठरलं आहे, म्हणजे आपल्याकडे ही मशीन्स आणखी वाढणार. म्हणून याचा अपघातांचा इतिहास नीट बघायला हवा.

आधी चांगलं ते सांगू. उंचीवर याच्याइतकी ताकद राखून असलेलं हलकं हेलिकॉप्टर दुसरं सापडणं कठीण. 14 मे 2005 रोजी दिदिए देलसाल यांनी याचीच बी3 आवृत्ती एव्हरेस्टच्या माथ्यावर उतरवली. तीन पात्यांचा रोटर ‘स्टारफ्लेक्स’ हबवर बसतो. हा हब म्हणजे ग्लास फायबरचा लवचीक तारा आणि रबर-धातूच्या थरांची बेअरिंग. तेल-ग्रीसची कटकट नाही, आणि दोन पात्यांच्या झुलत्या रोटरमध्ये हब मास्टवर (रोटरच्या उभ्या दांड्यावर) आपटण्याचा जो धोका असतो, तो इथे नाही. रचना म्हणून हे हेलिकॉप्टर पक्कं आहे.

माणसं गेली ती बहुतेक वेळा छोट्या गोष्टींमुळे, आणि पडल्यावर लागलेल्या आगीमुळे.

आगीचं आधी, कारण माझ्या मते या मॉडेलवरचा सर्वात गंभीर आक्षेप तोच आहे. केबिनच्या मागे सुमारे 540 लिटरची टाकी असते. जुन्या मशीनमध्ये ती साधी प्लास्टिकची. आदळल्यावर ती फुटते, इंधन सांडतं आणि गरम इंजिन तिथेच असतं. धक्क्यात न फुटणारी टाकी आणि ओढ बसली की आपोआप बंद होणारे पाइपचे जोड असावेत, असा अमेरिकेचा नियम 1994 चा आहे. पण तो लागू होता नव्याने प्रमाणित होणाऱ्या मॉडेल्सना. हे मॉडेल सत्तरच्या दशकात प्रमाणित झालेलं, त्यामुळे नियमानंतर पुढची पंचवीस वर्षं कोरी करकरीत हेलिकॉप्टरं जुन्या टाकीसह कायदेशीरपणे विकली गेली. 31 ऑगस्ट 2019 ला नॉर्वेतल्या आल्टाजवळ असंच एक जवळजवळ नवं बी3 कोसळलं आणि लगेच पेटलं. सहाही जण गेले. अमेरिकेत एप्रिल 2020 नंतर बनलेल्या प्रत्येक हेलिकॉप्टरला सुरक्षित टाकी सक्तीची झाली. जुन्यांसाठी बदली किट मिळतं. ते महाग आहे, पण ज्याला प्रवासी बसवायचे आहेत त्याने तो खर्च टाळू नये.

कोलोरॅडोतल्या फ्रिस्कोचा 3 जुलै 2015 चा अपघात तर या मॉडेलच्या प्रत्येक पायलटला पाठ असायला हवा. बी3ई आवृत्ती, दुहेरी हायड्रॉलिकवाली, म्हणजे कंट्रोल हलके करणारी तेलाच्या दाबाची यंत्रणा दोनदा असलेली. उड्डाणाआधीच्या तपासणीत टेल रोटरच्या (शेपटावरच्या पंख्याच्या) सर्व्होचं, म्हणजे पेडलला जोर देणाऱ्या यंत्राचं, हायड्रॉलिक स्विचने बंद करून बघतात आणि परत चालू करतात. ते बंदच राहिलं, तर त्या सर्किटमधला दाब उतरतो आणि पेडल जड होतं. स्विच चुकीच्या जागी आहे हे ओरडून सांगणारा दिवा तेव्हा नव्हता. या हेलिकॉप्टरचा रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून ताकद वाढवली की नाक डावीकडे जातं आणि ते उजव्या पेडलने धरावं लागतं. पेडल हललं नाही, हेलिकॉप्टर डावीकडे गरगरलं आणि अर्ध्या मिनिटात पार्किंगमध्ये पडून पेटलं. पायलट गेला, दोन्ही नर्स गंभीर जखमी झाले. जमिनीपासून जेमतेम वर उचलून पेडल दोन्हीकडे दाबून पाहणं, म्हणजे हॉवर चेक, काही सेकंदांचं काम आहे. तो झाला असता तर दोष तिथेच कळला असता.

एकेरी हायड्रॉलिकच्या आवृत्त्यांमध्ये पंप पट्ट्यावर चालतो. पट्टा तुटला की अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये साठवलेला दाब थोडाच वेळ पुरतो. तेवढ्यात वेग 40 ते 60 नॉटवर आणायचा, मग हायड्रॉलिक स्विचने तोडायचं आणि हाताच्या जोरावर सपाट अप्रोच घेऊन उतरायचं. हॉवर करायचं नाही.

हायड्रॉलिक ठणठणीत असतानाही ‘सर्व्हो ट्रान्सपरन्सी’ येऊ शकते. भरपूर वजन, जास्त वेग, उंचावरची विरळ हवा आणि त्यात कचकचीत वळण, असं जुळलं की पात्यांवरचा जोर सर्व्होच्या ताकदीपेक्षा वाढतो. सायक्लिक (दिशा देणारी काठी) आपोआप उजवीकडे-मागे सरकतो, कलेक्टिव्ह (वर-खाली नेणारा लिव्हर) खाली जातो. उपाय असा की काठीशी झुंजायचं नाही. कलेक्टिव्ह कमी करायचा, वळण सैल सोडायचं, दोन-तीन सेकंदांत ताबा परत येतो. जमिनीलगत उजवं वळण चालू असेल तर तेवढा वेळ मिळत नाही. आल्टाच्या चौकशीतही संभाव्य कारण हेच निघालं.

आता एका नटाची गोष्ट. 7 डिसेंबर 2011 ला लास वेगासजवळ पर्यटकांना घेऊन निघालेलं बी2 कोसळलं, पाच जण गेले. आदल्याच दिवशी 100 तासांची तपासणी होऊन रोटर पुढे-मागे कलवणारा सर्व्हो बदलला होता. त्याच्या इनपुट रॉडला एक बोल्ट, त्यावर सेल्फ-लॉकिंग नट आणि नटाच्या खाचेतून जाणारी स्प्लिट पिन असते. नट जुनाच वापरलेला, पकड गेलेला. पिन बसवलीच नव्हती किंवा नीट बसली नव्हती. कंपनांनी नट सुटला, बोल्ट निसटला, रॉड मोकळा झाला. नियम सोपा आहे: नट बोटांनी फिरत असेल तर तो कचऱ्यात. कंट्रोलचं काम एकाने केलं तर दुसऱ्याने बॅटरी मारून पिनची दोन्ही टोकं वाकवलेली डोळ्यांनी बघायची.

इतर नोंदी थोडक्यात. 11 मार्च 2018 ला न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरवर दारं काढून चाललेल्या फेरीत प्रवाशाच्या सुरक्षा-दोरीत केबिनच्या तळावरचा इंधनबंदीचा लिव्हर अडकला, इंजिन थांबलं. तरंगण्याचे फुगे नीट फुगले नाहीत, हेलिकॉप्टर उलटलं, दोरांनी बांधलेले पाचही प्रवासी बुडाले. नेपाळमधल्या 2019 च्या ताप्लेजुंग आणि 2023 च्या लामजुरा अपघातांत मात्र पहाड आणि ढग यांचा विचार आधी करावा लागतो. ताकदवान इंजिन ढगात वाट दाखवत नाही.

घेणाऱ्याने किंवा चार्टर करणाऱ्याने लॉगबुक मागवावं. टाकी कोणती आणि किट कधी बसवलं, हायड्रॉलिक पट्ट्याचे तास किती, शेवटच्या मोठ्या कामानंतर कंट्रोलची दुसरी तपासणी कोणी सही करून केली, पायलटने या मॉडेलवर हायड्रॉलिक बंद ठेवून उतरण्याचा सराव केव्हा केला, हे विचारावं. सुरक्षित टाकीचं मशीन असेल आणि ही उत्तरं कागदावर असतील तर डोंगरातल्या कामाला माझी पहिली पसंती हेच. जुन्या टाकीचं असेल तर भाडं कितीही कमी असलं तरी दुसरं मशीन बघावं.