लंडनची कलाबतू की आल्टेनबर्गचं पांढरं भरतकाम?

मध्ययुगीन चर्चचं भरतकाम म्हटलं की सगळे आधी ओपस अँग्लिकानम म्हणजे इंग्लंडच्या कामाबद्दल बोलतात आणि ते बरोबरच आहे, १२९५ च्या पोपच्या खजिन्याच्या यादीत त्याचे शंभराहून जास्त नग होते. लंडनमधले व्यावसायिक कारागीर, बाया आणि पुरुष दोन्ही, रेशीम आणि कलाबतू म्हणजे सोन्याची जर वापरायचे. यातली खरी कमाल मागच्या बाजूला आहे, कलाबतू कापडावर पसरायची आणि खालून लिननच्या दोऱ्याने तिचा बारीकसा फास मागे ओढून घ्यायचा, त्यामुळे एवढं सोनं असूनही कापड कडक होत नाही, छान वळतं. चेहरे रेशमाच्या बारीक टाक्यांनी, गालांवर तर टाके गोल गोल फिरतात!

आणि दुसरीकडे जर्मनीत लान नदीकाठचं आल्टेनबर्ग. तिथल्या मठातल्या नन्स १३व्या-१४व्या शतकात पांढऱ्या लिननवर लिननच्याच दोऱ्याने वेदीची वस्त्रं भरायच्या, सोनं नाही की भडक रंग नाहीत. मग आकृती दिसणार कशी? टाक्यांचे प्रकार बदलून! पोत बदलला की उजेड वेगळा पडतो.

श्रीमंती बघायची तर लंडनच. पण वेदीसाठी मला विचाराल तर आल्टेनबर्ग, कारण ते मुळातच वेदीसाठी बनलंय. इंग्लिश कामाचा मोठा भाग पाद्र्यांच्या झग्यांचा, इंग्लंडमधल्या स्टीपल अॅस्टन गावचा झगा तर नंतर कापून वेदीला लावला, एवढं सुंदर काम कापलेलं बघून खरंच वाईट वाटतं.