गॅरार्ड ४०१ आणि एसएमई फाइव्ह : आठ महिन्यांनंतर

लोक आधी टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवणारं मशिन, घेतात आणि मग त्याला आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, शोधतात. माझं उलटं झालं. एका ओळखीच्या गृहस्थांनी घर आवरायला काढलं, त्यात एसएमई या इंग्लिश कंपनीचा सीरिज फाइव्ह आर्म निघाला. भाव ऐकून पोटात गोळा आला, पण डिसेंबर २०१९ मध्ये एसएमईने सुटे आर्म विकणंच बंद केलं होतं. आज सोडला तर परत कधी मिळेल, याचा भरवसा नव्हता. घेतला. मग वर्षभर तो डब्यात पडून होता आणि मी 'याला स्थळ कुठलं बघायचं' या विवंचनेत.

तीन स्थळं पाहिली. लिन एलपी१२ चा आवाज मला मनापासून आवडतो. पण त्याची आतली चौकट स्प्रिंगांवर तरंगते आणि आर्मचं जेवढं वजन, त्यानुसार त्या स्प्रिंगा बसवाव्या लागतात. ते काम हाताखालून शंभर मशिनं गेलेल्या माणसाचं, आणि असा माणूस ठाण्यात मला सापडला नाही. मिशेल गायरोडेकला एसएमई बसवायची तयार पट्टी, म्हणजे आर्मप्लेट, मिळते. दिसायला तर असा की पाहुणे आधी त्याच्यापाशीच जातील. पण तोही स्प्रिंगांवर, त्यात सगळं उघडं. आमच्या खिडकीतून घोडबंदर रोडची जी धूळ येते ती पाहता हिंमत झाली नाही. तिसरा गॅरार्ड ४०१. १९६५ चं मॉडेल, इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन आलेलं.

गंमत म्हणजे ससेक्समधली एसएमई २०१६ पासून पुण्याच्या अजय शिर्के यांच्या केडन्स ऑडिओकडे आहे आणि पुढे २०१८ मध्ये गॅरार्डचं नावही त्याच समूहाने घेतलं. म्हणजे माझ्या घरच्या जोडप्याची पत्रिका पुण्यानेच जुळवून ठेवली होती म्हणायची.

४०१ ला रेकॉर्डखालची थाळी फिरवायला पट्टा नसतो. मोटरच्या पुलीवरून एक रबरी चाक फिरतं आणि ते थाळीला आतून ढकलतं. ताकद भरपूर, पण मोटरची घरघर थाळीपर्यंत पोचायला वाटही तेवढीच सरळ. म्हणून सगळा खेळ खालच्या प्लिंथचा, म्हणजे मशिन ज्यात बसतं त्या बैठकीचा. पहिली प्लिंथ मी सुताराकडून सागवानी खोक्यासारखी करून घेतली. देखणी होती, आणि आतून पोकळ. आलापाच्या मधल्या शांततेत 'घुर्र' ऐकू यायची. दुसऱ्या वेळी बर्च प्लायचे थर चिकटवले आणि त्याखाली ओट्याला वापरतात तो कडप्पा घेतला, मधे रबराची शीट. नुसता कडप्पा टिचकी मारली की वाजतो, म्हणून शीट. आता उचलायला दोन माणसं लागतात, घरघर मात्र स्पीकरला कान लावल्याशिवाय कळत नाही.

फाइव्ह ज्यावर वळतो तो बिंदू थाळीच्या मध्यापासून २१५.३५ मिलिमीटरवर यावा लागतो. सुताराला मी ते तीनदा सांगितलं. त्याने मान डोलावली आणि भोक चार मिलिमीटर बाहेर पाडलं. नशीब, एसएमईचा पाया पट्टीवर पुढे-मागे सरकतो, त्यात ते चार मिलिमीटर जिरले. दुसरा एखादा आर्म असता तर नवा बोर्ड करावा लागला असता. आर्म आधी हाती असण्याचा खरा फायदा हाच. आधी कागदावर आखून बघता येतं की हा इथे बसणार की नाही.

कार्ट्रिज, म्हणजे सुईची डबी, डेनॉन डीएल-१०३. त्याचं वजन साडेआठ ग्रॅम, आर्मचं परिणामी वस्तुमान, म्हणजे सुईला जाणवणारा त्याचा भार, दहा-अकरा, वर स्क्रू. डेनॉनचा सुईच्या लवचिकतेचा आकडा ५ आहे, पण तो १०० हर्ट्झला मोजलेला. खालच्या कंपनांना साधारण दुप्पट धरतात. १५९ ला एकूण वजन आणि ही लवचिकता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागलं की अनुनाद, म्हणजे आर्म आणि सुई आपसूक डोलतात ती कंपनसंख्या, ११ हर्ट्झच्या आसपास येतो. आठ ते बारा चांगला समजतात. या कार्ट्रिजला जड आर्मच हवा, असं सगळे सांगतात. मी ऐकून घेतलं आणि हेच लावलं. पखवाजाचा डावा हात ऐकून कुणी सांगावं काय कमी आहे ते.

मला मात्र एकच परीक्षा महत्त्वाची वाटते : तानपुरा. सिनेमाचं गाणं किंचित डुललं तरी खपून जातं. किशोरीताईंच्या विलंबितामागचा षड्ज डुलला तर बसवत नाही. आधीच्या पट्ट्याच्या मशिनवर तो मला सतत पातळ वाटायचा. इथे तो जमिनीत रोवल्यासारखा उभा राहतो. पहिली दहा मिनिटं सोडून, कारण मोटर तापेपर्यंत वेग थोडा सरकतो. तेवढ्यात चहा होतो.

थाळीच्या कडेवरचे ठिपके निऑन दिव्यात स्थिर दिसले की वेग बरोबर. पण तो दिवा घरच्या विजेवरच चालतो. म्हणजे वीज ५० हर्ट्झवरून हलली तर ठिपके स्थिरच दिसणार आणि सूर हलणार. मी हिशेब केला : ग्रिडची मान्य मर्यादा ४९.९० ते ५०.०५ आहे. वाईटात वाईट म्हणजे साडेतीन सेंट, अर्ध्या सुराच्या शंभर भागांतले साडेतीन. तेही हळूहळू. सोडून दिलं. सूर दर १.८ सेकंदांनी डुलत असेल तर आधी रेकॉर्ड बघा. तेहतीसच्या वेगाला एक फेरा तेवढाच असतो आणि आपल्याकडच्या कित्येक जुन्या रेकॉर्डांचं भोकच मध्यावर नाही. मी दोन आठवडे बेअरिंगला शिव्या घातल्या, दोष भीमसेनजींच्या एका एलपीचा निघाला.

तक्रारी आहेत. पाठवणाऱ्याने थाळी बेअरिंगवर तशीच ठेवून खोकं बंद केलं होतं. ते उघडताना हात थरथरत होते. बेअरिंग वाचलं, तळाची चकती बदलावी लागली. रबरी चाक महिन्यातून एकदा स्पिरिटने पुसावं लागतं. मोटरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे कवच नसलेलं कार्ट्रिज इथे गुणगुणू शकतं, त्या वाटेला जाऊ नका. जुलैत प्लाय फुगला आणि पाणसळ लावल्यावर आर्मची बाजू केसभर वर आलेली दिसली. स्क्रू फिरवले, ऑक्टोबरात उलटे फिरवावे लागतील.

आणि एक मूर्खपणा सर्वस्वी माझा. ४०१ ला अठ्ठ्याहत्तरचा वेग आहे, आजोबांच्या नाट्यपदांच्या तबकड्या कपाटात आहेत, पण फाइव्हचं डोकं सुटं होत नाही. त्या जाड खोबणीला वेगळी सुई लागते आणि दर वेळी कार्ट्रिज काढून बसवणं माझ्याच्याने होणार नाही. प्लिंथच्या डाव्या बाजूला दुसऱ्या आर्मला जागा आहे. सुताराला परवा बोलावलंय. या वेळी पेन्सिलीची खूण मीच करणार.