चार कृषी विद्यापीठं बघितली, मग ऑप्शन फॉर्म भरला. बीएस्सी ॲग्रीवाल्यांसाठी आमचा रिव्ह्यू

धाकट्या भावाचं ॲडमिशन होऊन आता एक सेमिस्टर संपलं, म्हणून म्हटलं निवांत बसून लिहावं, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा कुठेच नीट काही सापडत नव्हतं, सगळीकडे फक्त कटऑफचे तक्ते.

आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी तालुक्यातले. घरी सोयाबीन, तूर, रब्बीला ज्वारी, विहिरीचं पाणी मार्चपर्यंत कसंबसं. भावाने दहावीपासूनच ठरवलेलं की ॲग्री करायचं, नंबर लागला नाही म्हणून नाही तर मनापासून. पण कुणालाही विचारलं की एकच उत्तर, "अगं ॲग्री म्हणजे ॲग्री, कुठूनही केलं तरी डिग्री सेमच". अर्धं खरं आहे ते. सिलॅबस आयसीएआरच्या, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या, डीन्स कमिटीच्या शिफारशींवर चालतो त्यामुळे विषय जवळपास तेच, ॲग्रोनॉमी, सॉईल, एन्टो (किडी), पॅथो (रोग), हॉर्टी, ब्रीडिंग, एक्स्टेंशन, सगळीकडे हेच. पण पुस्तक एक असलं तरी प्रॅक्टिकल जमिनीत होतं आणि जमीन काही सगळीकडे एक नाही ना. आम्हाला हे कळायला एक वर्ष आणि बरेच पैसे लागले.

आधी पैशाचं सांगते. आमच्या ओळखीत सगळे काउन्सेलरकडे जातात म्हणून आम्हीपण गेलो, नाव लिहित नाही, १२ हजार घेतले आणि त्यात काय मिळालं तर मागच्या वर्षीच्या कटऑफची प्रिंट आणि त्याच क्रमाने भरलेला ऑप्शन फॉर्म. ज्याचा कटऑफ जास्त ते वर, कमी ते खाली, बास. भावाने विचारलं की सर ह्या कॉलेजच्या फार्मवर कुठली पिकं असतात, तर म्हणाले ते नंतर बघता येईल, आधी मार्क वाया जाऊ देऊ नकोस. मार्क वाया जाणं म्हणजे नक्की काय हे मला अजून कळलेलं नाही. कटऑफ जास्त म्हणजे त्या कॉलेजला मागणी जास्त, आणि मागणी शहरामुळे असू शकते, क्लासेसमुळे असू शकते, एसटी स्टँड जवळ आहे म्हणूनही असू शकते. ते बारा हजार चार ठिकाणी फिरण्यात गेले असते तर जास्त कामाला आले असते. ह्या सर्विसला माझ्याकडून शून्य.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६८ ला महाराष्ट्रासाठी एकच कृषी विद्यापीठ झालं, विदर्भात वेगळ्या विद्यापीठासाठी आंदोलन झालं होतं आणि १९६९ ला अकोला वेगळं झालं, १९७२ ला परभणी आणि दापोली. राहुरीकडे आपले पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेशाचे मिळून १० जिल्हे. आणि एक गोष्ट जी आमच्या अण्णांनाही, म्हणजे वडिलांनाही, माहीत नव्हती, राहुरी विद्यापीठ म्हणजे कॉलेज राहुरीलाच असं नसतं. पुणे, कोल्हापूर, धुळे, कराड, नंदुरबार ही सगळी राहुरीची. तसंच लातूर, बदनापूर, अंबाजोगाई, धाराशिव ही परभणीची. नागपूरचं कॉलेज अकोल्याचं. म्हणजे फॉर्म भरताना विद्यापीठ निवडून भागत नाही, त्यातलं गाव पण निवडावं लागतं.

पुण्यापासून सुरू करते कारण घरात सगळ्यांचं तेच पक्कं होतं, माझंपण. शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय १९०७ चं, ती दगडी इमारत बघूनच माणूस शांत होतो. शहराच्या मधोमध एवढी शेती अजून शिल्लक आहे हेच मोठं. लायब्ररी, सीनियर्स, एमपीएससीचे क्लासेस सगळं हाकेच्या अंतरावर. तिथल्या पोरांशी बोललो तर हुशार पोरं, राज्यभरातून आलेली, बोलण्यात कॉन्फिडन्स. ज्याला कृषी सेवा किंवा बँकेची एएफओ, म्हणजे कृषी अधिकाऱ्याची परीक्षा करायची आहे त्याने डोळे झाकून पुणे वर टाकावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण जेवढ्या पोरांशी बोललो त्यातल्या बहुतेकांनी परीक्षेबद्दलच सांगितलं, पिकाबद्दल एकाने सांगितलं, आणि तो कोल्हापूरकडचा होता आणि त्याच्या घरी ऊस होता. भाऊ परतीच्या गाडीत गप्प होता. कुर्डुवाडीच्या आसपास म्हणाला, "ताई, मला इथं आवडलं, पण मी इथं राहिलो तर एमपीएससीच करणार, मला माझं माहितीये".

राहुरीचा मेन कॅम्पस पण बघितला, नगर-मनमाड रोडला लागूनच, एवढा मोठा की पायी फिरायचं म्हणू नका. राहुरीच्या नावावर आपण काय काय खातो हे त्या दिवशी समजलं. भगवा डाळिंब त्यांचं, फुले वसुधा, फुले रेवती ह्या ज्वाऱ्या त्यांच्या. आणि जी मालदांडी आपण पिढ्यान्‌पिढ्या पेरतोय ती ३५-१ तर आपल्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रातली निवड! सोलापूरचं कोरडवाहू केंद्र पण १९३३ पासूनचं. हे सगळं घरापासून तासा-दोन तासावर आणि आम्ही कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. सोलापूर जिल्ह्यातल्या पोरांनी दुसरं काही नाही तर हे नक्की बघा, आधी फोन करून गेलात तर माणसं वेळ देतात, आम्हाला दिला.

आता परभणी. इथे मी जास्त लिहिणार कारण इथेच सगळं फिरलं. आमचा तालुका राहुरीच्या हद्दीत पण अण्णा बियाण्यासाठी परभणीला जातात, दरवर्षी १७ सप्टेंबरला रब्बी मेळावा असतो, मुक्तिसंग्राम दिनालाच, आणि १८ मेला खरीप मेळावा. तर भाऊ लहानपणापासून अण्णांबरोबर गेलेला आहे, पण मेळाव्याची गर्दी वेगळी आणि कॉलेज म्हणून बघणं वेगळं. ह्यावेळी आम्ही मेळावा झाल्यावर मुद्दाम एक दिवस राहिलो. प्लॉटवर सोयाबीन उभं होतं, एमएयूएस ७१, १५८, ६१२ असे वाणांचे बोर्ड लावलेले, शेंगा भरत आलेल्या, आणि थर्ड इयरची पोरं बसून किडी मोजत होती, एक मीटर ओळीत किती अळ्या, वहीत टिपत होती. कुणी दाखवायला बसवलेली नव्हती, त्यांचं रोजचं प्रॅक्टिकल होतं. भाऊ तिथेच त्यांच्यात बसला. पाऊण तास आम्ही बांधावर उभे. अण्णांनी विचारलं आमच्याकडे फुलं गळतात ते का, तर एका मुलीने सरळ विचारलं तुमची जमीन किती खोल, पाणी कधी तुटलं, पेरणी कधीची. अण्णा नंतर म्हणाले दुकानदार आधी बाटली काढतो, ह्या पोरीने आधी जमीन विचारली.

परभणीची मालमत्ता म्हणजे अशी आमच्यासारख्यांच्या कामाची पिकं. तुरीचं बीडीएन ७११ बदनापूरचं, परभणी मोती ज्वारी, परभणी क्रांती भेंडी तर ज्याच्या घरी परसबाग आहे त्याला माहीतच असते. कापसात नांदेड ४४ अण्णांनी बीटी यायच्या आधी लावलेलं, त्याचं नाव काढलं की अजून त्यांचा चेहरा बदलतो. ॲग्री नको असेल तर फूड टेकचं कॉलेज पण त्याच कॅम्पसमध्ये आहे, त्याचं नाव चांगलं आहे. उणं काय तर ऊन. एप्रिल-मेमध्ये परभणी म्हणजे परभणी, ४२-४३ च्या पुढे पारा जातो आणि दुपारी फार्मवर उभं राहणं सोपं नाही. शहर लहान, संध्याकाळी करण्यासारखं फार नाही. ज्याला ह्याचा त्रास होईल त्याने आधीच विचार करावा, चार वर्षं लहान नसतात.

अकोल्याला आम्ही आदल्या वर्षी शिवार फेरीला गेलो होतो. ही त्यांची फार छान पद्धत आहे, सप्टेंबर-ऑक्टोबरला जिवंत पिकांचे प्लॉट लावून शेतकऱ्यांना फिरवतात, आणि डिसेंबरच्या शेवटी, विद्यापीठ ज्यांच्या नावाने आहे त्या पंजाबराव देशमुखांच्या जयंतीला कृषी प्रदर्शन. कापूस, सोयाबीन, संत्रा हे ज्यांच्या घरी आहे, म्हणजे बुलडाणा, वाशिम, अमरावती, यवतमाळ, त्यांनी पुण्याच्या मागे लागून अकोला खाली टाकू नका. नागपूरचं कॉलेज १९०६ चं आहे, आणि नागपुरातच केंद्र सरकारच्या कापूस आणि लिंबूवर्गीय अशा दोन्ही मोठ्या संस्था आहेत, संशोधनाकडे जायचं असेल तर हा फार मोठा फायदा आहे आणि आश्चर्य म्हणजे कोणी सांगत नाही. आम्हाला अंतर जास्त पडत होतं, एवढंच कारण.

दापोली. काय सांगू, मला स्वतःला तिथे राहावंसं वाटलं. मे महिन्यात गेलो, खेडला रेल्वेने उतरून एसटीने वर, आणि सगळीकडे आंबा-काजू. रत्ना आंबा म्हणजे नीलम आणि हापूसचा संकर, सिंधू तर कोय एवढी पातळ की भाऊ हातात धरून बघतच राहिला. वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ ह्या काजूच्या जाती त्यांच्याच केंद्रातल्या. नर्सरी, कलमं, फॉरेस्ट्री, रत्नागिरीला मत्स्यविद्या, हे शिकायचं तर दापोलीच. पण तिथे पाऊस साडेतीन हजार मिलिमीटर आणि आमच्याकडे सहाशेच्या आसपास. तिथली जांभी माती, भात, बागा. भाऊ म्हणाला इथं शिकलेलं घरी जाऊन लावायला माझ्याकडे काहीच नाही. खरं होतं ते. रोपवाटिकेचा धंदा करायचा असेल, कुठलेही असा, तर मात्र दापोली पहिल्या दोनात असलीच पाहिजे.

विनाअनुदानित कॉलेजबद्दल लिहायलाच हवं कारण शेवटी बऱ्याच पोरांचा नंबर तिथेच लागतो. आम्ही एक बघितलं, कुठलं ते सांगत नाही. बिल्डिंग चकाचक, गेटवर फ्लेक्स, आणि फार्म कुठंय विचारलं तर दोन किलोमीटर लांब नेलं, तिथे एक एकर गवत आणि पाटी. लॅबमधल्या मायक्रोस्कोपवरचं प्लास्टिक निघालेलं नव्हतं. सगळी अशी नसतात, माझी मैत्रीण एका खाजगी कॉलेजातून शिकली आणि तिच्या सरांनी त्यांना स्वतःच्या शेतात नेऊन छाटणी शिकवली, आज ती द्राक्ष बागायतदारांना सल्ला देते. म्हणून नाव ऐकून नाही, पाय लावून बघा. आणि आयसीएआरची अधिस्वीकृती आहे का ते लेखी बघा, पुढे आयसीएआरच्या परीक्षेतून दुसऱ्या राज्यात एमएस्सीला जायचं ठरलं तर तेव्हा हे आठवून उपयोग नाही. फीमधला फरक तर प्रचंडच आहे, घटक महाविद्यालय, म्हणजे विद्यापीठाचं स्वतःचं कॉलेज, मिळत असेल तर गाव लांब असलं तरी ते घ्या असं मी म्हणेन.

बघायला जाल तेव्हा रविवारी जाऊ नका, सकाळी आठला जा, प्रॅक्टिकल तेव्हा असतात. फार्मवर पिकं उभी असताना जा, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर, आणि ते बारावीचं वर्ष सुरू असतानाच करावं लागतं कारण ॲडमिशनच्या वेळी शेतं रिकामी असतात. प्राचार्यांपेक्षा थर्ड इयरच्या पोरांना विचारा. आणि रावेला कुठली गावं देतात हे नक्की विचारा, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते कृषिदूत, कृषिकन्या म्हणून पेपरात फोटो येतात ना तेच. शेवटच्या वर्षात पोरं गावात जाऊन शेतकऱ्यांबरोबर काम करतात. ते गाव तुमच्या गावासारखं असेल तर ते दिवस सोनं आहेत. आणखी एक, शिक्षण इंग्रजीत आहे, मराठी मीडियमच्या पोरांना पहिलं सेमिस्टर जड जातं, भावालाही गेलं, फिजिओलॉजीच्या पेपरच्या आधी तो फोनवर रडला. आता ठीक आहे. सातबारा, दाखले वगैरे आधीच काढून ठेवा, शेतकरी कुटुंबाच्या वेटेजसाठी (जादा गुणांसाठी) लागतात आणि ऐनवेळी तलाठ्याच्या मागे पळायची वेळ येते.

तर आमचा क्रम असा लागला: परभणी, मग लातूर, मग पुणे. काउन्सेलरने फोन करून सांगितलं की चूक करताय, पुणे मिळत असताना खाली टाकताय. फॉर्म कन्फर्म करायच्या रात्री घरात बारा वाजेपर्यंत वाद झाला. अण्णांचं म्हणणं, शेती शिकायची तर घरी मी आहे, पोराने नोकरीचं बघावं. त्यांचंही चूक नाही, ज्या माणसाने २०१५ चा दुष्काळ बघितलाय त्याला पोरगा पगारावर असावा असं वाटणारच. भाऊ म्हणाला अण्णा मला नोकरी लागली तरी जमिनीबद्दलच लागू दे. मी दोघांच्या मध्ये बसलेली, आणि शेवटी कन्फर्मचं बटण मीच दाबलं.

परभणी मिळालं. हॉस्टेल ठीक, मेसची भाजी पातळ, शिकवणारे चार चांगले आणि दोन कंटाळवाणे, असं तो सांगतो. दिवाळीला आला तेव्हा आल्या आल्या खालच्या तुकड्यात खड्डा खणला, किती खोलीवर मुरूम लागतो बघायला, अण्णा काठावर उभे राहून बघत होते, काही बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र म्हणालेच, पुणे मिळत होतं.