गिअरबॉक्सचं ऑइल: आधी नुसतं बदललं, मग मोजून बदललं

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल नीट बदलून घेतल्याला आता आठ महिने झाले. मिनीव्हॅन तेवढ्यात ११,००० किलोमीटर चालली, त्यात सात माणसं आणि टपावर सामान घेऊन केलेले दोन लांबचे प्रवास आले. मुद्दाम इतके दिवस थांबून लिहितोय, कारण नवं ऑइल पडल्यावर पहिल्या आठवड्यात कुठलीही गाडी मऊच वाटते.

त्रास सुरू झाला तेव्हा गाडीचे १,२२,००० किलोमीटर झाले होते आणि गिअरबॉक्सचं ऑइल कारखान्यातून आलं तेच होतं. ५० ते ६० च्या वेगात, ॲक्सिलरेटरवर अगदी हलका पाय असताना, गाडी दोन-तीन सेकंद थरथरायची. रस्त्यावरच्या रंबल पट्ट्यांवरून जाताना वाटतं तसं. पाय उचलला किंवा जरा जोरात दाबला की थांबायची. चाकांचं बॅलन्सिंग करून पाहिलं, काही फरक नाही. शिवाय सकाळी थंड गाडी दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना हिसका द्यायची. मधल्या रांगेत बसणाऱ्या बाबांना तो माझ्याआधी जाणवला होता.

ही थरथर टॉर्क कन्व्हर्टरमधल्या लॉक-अप क्लचची होती. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग, आणि लॉक-अप क्लच त्या दोघांना थेट जोडतो. तो नेमका अशाच वेगात, अशाच हलक्या पायाला धरतो. त्याने किती घसरायचं आणि कधी धरायचं हे ऑइलमध्ये मिसळलेल्या द्रव्यांवर अवलंबून असतं. ती द्रव्यं उष्णतेने संपत आली की क्लच धर-सोड करू लागतो. पुस्तिकेत नेहमीच्या वापरासाठी ऑइल बदलायचा आकडाच नव्हता, म्हणून मी निर्धास्त होतो. पण त्याच पुस्तिकेत मागे ट्रेलर ओढणाऱ्या, टपावर सामान वाहणाऱ्या, भरून चालणाऱ्या गाड्यांसाठी वेगळं कोष्टक होतं आणि तिथे आकडा होता. मिनीव्हॅन आणखी कशी चालते? ते पान मी पाच वर्षं आधी वाचायला हवं होतं.

पहिल्या गॅरेजमध्ये काम पाऊण तासात झालं. त्यांनी खालचा प्लग काढला, ऑइल आलं तेवढं येऊ दिलं, वरून नवं भरलं, खालून ठिबकायला लागल्यावर प्लग लावून दिला. मी समोर उभा होतो आणि मला ते बरोबरच वाटलं. आठवड्याभरात गाडी बिघडली. थरथर होतीच, वर D टाकल्यावर गाडी सेकंदभर विचार करून हलायची आणि चढावरच्या वळणावर इंजिनचा आवाज वाढूनही वेग वाढायचा नाही.

चूक कुठे झाली हे समजायला या गिअरबॉक्सची रचना लक्षात घ्यावी लागते. याला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, नाही. खालच्या प्लगच्या आत प्लास्टिकची एक उभी नळी असते, तिच्या वरच्या टोकापर्यंत ऑइल असलं की पातळी बरोबर. नुसता प्लग काढला तर नळीच्या टोकाच्या वरचं तेवढंच ऑइल बाहेर येतं. आमचं जेमतेम लिटरभर आलं असेल. उरलेलं काढायला ती नळी ॲलन कीने सोडवावी लागते. दुसरी चूक त्याहून महागाची. त्यांनी पातळी बघितली ती इंजिन बंद ठेवून. इंजिन चालू झालं की पंप पॅनमधलं, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या ताटातलं, ऑइल ओढून टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि सगळ्या वाटांमध्ये भरतो, पॅनमधली पातळी खाली जाते. म्हणजे बंद गाडीत ‘फुल’ दिसलेलं ऑइल चालू गाडीत कमी असतं. मग वळणावर, चढावर पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच सरकतात.

दुसऱ्या मेकॅनिकने गाडी रॅम्पवर घेऊन सगळ्यात आधी वरचा, ऑइल भरायचा बोल्ट सैल केला. मी विचारलं, आधी खालचा नाही का? तो म्हणाला, “वरचा अडकला तर? खालचं सगळं सांडून बसलात की गाडी इथून हलायची नाही.” तिथेच माझा जीव भांड्यात पडला. मग नळी काढून ऑइल खुणा असलेल्या भांड्यात घेतलं. तपकिरी होतं, पण जळका वास नव्हता. नुसत्या रंगावरून तो घाबरवत नव्हता, वास मात्र दोनदा घेतला. पॅन उतरवल्यावर आतल्या लोहचुंबकांवर राखाडी, बोटाला मऊ लागणारा लेप होता. तेवढी झीज चालते. चकचकीत कण किंवा तुकडे निघाले असते तर ऑइल बदलून उपयोग नव्हता, असं त्याने स्पष्ट सांगितलं. चुंबक पुसले, जाळी आणि गॅस्केट नवं घातलं. जितकं निघालं तितकंच मोजून भरलं, आणि पहिल्या गॅरेजची तूट भरून निघावी म्हणून वर थोडं जास्त.

मग खरं काम. गाडी चारही बाजूंनी सपाट. इंजिन चालू. ब्रेक दाबून P पासून प्रत्येक गिअरवर दोन-दोन सेकंद थांबत खाली आणि परत वर. स्कॅनर लावून ऑइलचं तापमान बघत बसायचं, आणि ते ४० अंशांवर आल्यावर, इंजिन चालूच ठेवून, प्लग उघडायचा. आधी धार आली, ती बारीक होत थेंबांवर आली आणि त्याने प्लग बंद केला. ४५ च्या पुढे त्याने जाऊच दिलं नसतं. ऑइल तापलं की फुगतं, म्हणून एकच गाडी गरम असताना भरलेली दिसते आणि थंड असताना कमी. जास्त भरलेलंही वाईटच, फिरणारे भाग त्यात बुडून फेस करतात. टोयोटाच्या सहा गिअरच्या यू६६०ई मध्ये पातळी बघायची ती याच ४० ते ४५ अंशांत. दुसऱ्या गिअरबॉक्सचा आकडा वेगळा असू शकतो, तो त्याच्या पुस्तिकेतूनच घ्यायचा.

ऑइलच्या नावाबाबत तडजोड करू नका. टोयोटाचं डब्ल्यूएस, होंडाचं डीडब्ल्यू-१, क्रायस्लरचं एटीएफ+४ ही वेगवेगळी ऑइलं आहेत. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेला कॅन मला पहिल्या गॅरेजात दाखवला होता. मी तो नाकारला, एवढं एक तिथे बरोबर केलं. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक, असेल तर तिचं ऑइल आणखी वेगळं.

एकदा ड्रेन करून सगळं ऑइल बदलत नाही, बरंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. आमचं दर वेळी साधारण ४५ टक्के निघालं. म्हणून मधे काही शे किलोमीटर गाडी चालवून हेच आणखी दोनदा केलं, पॅन न उतरवता. हिशोबाने पहिल्यानंतर ४५, दुसऱ्यानंतर ७० आणि तिसऱ्यानंतर ८३ टक्के ऑइल नवं. मशीन लावून एकदम सगळं बदलायचा पर्याय होता, पण इतकी वर्षं न बदललेल्या गिअरबॉक्सला मला टप्प्याटप्प्याने जायचं होतं.

आठ महिन्यांत काय झालं? D टाकल्यावरची ढिलाई पहिल्याच दिवशी गेली, कारण ती पातळीचीच होती. थरथर पहिल्या ड्रेननंतर कमी झाली, दुसऱ्यानंतर थांबली आणि परत आलेली नाही. मी तोच वेग, तोच हलका पाय ठेवून मुद्दाम तपासत असतो. सकाळचा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला हिसका बराच मवाळ झाला, पूर्ण गेला नाही. थंडीत पहिले दोन-तीन किलोमीटर अजून कळतो. तो झिजेचा असावा आणि ऑइलने झीज भरून येत नाही. पेट्रोलच्या खपात मला काही फरक दिसला नाही. भरल्या गाडीने लांब घाट चढताना गिअर आता गोंधळत नाहीत, आणि बाबा मागे झोपतात.

एक अडचण आली. दोन महिन्यांनी गाडीखाली लाल थेंब दिसला. तिसऱ्या ड्रेनला प्लगचा जुनाच वॉशर परत लावला होता, तो दाबून बसलेला असल्याने झिरपत होता. मेकॅनिकने चूक मान्य करून नवा घातला आणि त्याच वेळी, पुन्हा ४० अंशांवर, पातळी तपासून दिली. तेव्हापासून खाली पुठ्ठा टाकून बघतो, कोरडा असतो. पुढचा ड्रेन ५०,००० किलोमीटरनंतर करायचा ठरवला आहे, आणि त्यासाठीचे वॉशर आत्ताच आणून डिकीत ठेवले आहेत.